टायफूनचा पाऊस आणि घरामागचा कडा : जपानमध्ये नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

माझं आजोळ महाड तालुक्यातलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे. त्यामुळे जपानला आलो तेव्हा टायफूनची, म्हणजे इकडच्या चक्रीवादळाची, मला वाऱ्यापुरतीच धास्ती होती. पाऊस तर आपण बघितलाय, असं मनात पक्कं होतं. पहिली काही वर्षं तोक्योच्या निशिकासाईत, सपाट जमिनीवर गेली. मग योकोहामात एक घर मिळालं. स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, दोन खोल्या जास्त, भाडं कमी, आणि मागच्या खिडकीतून हिरवागार कडा. हिरवळ बघून बायको हरखली आणि मीही. भाडं कमी का आहे, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

खरं तर मला विचारायला हवं होतं. जुलै २००५ मध्ये महाडजवळच्या दासगाव आणि जुईवर दरडी कोसळल्या, ते दिवस आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. तरीही परक्या देशातला नीटनेटका रस्ता, सिमेंटची भिंत आणि गवत कापलेला उतार बघितला की इथे सगळं कुणीतरी सांभाळत असेल असं वाटून जातं. या समजुतीतून बाहेर यायला मला दीड वर्ष लागलं. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. आधी डोंगराचा हिशेब समजून घ्या

हे कळलं नाही तर पुढच्या सगळ्या सूचना नुसत्या पाठ होतील आणि ऐन वेळी उपयोगी पडणार नाहीत.

कोरडी वाळू मुठीत धरली तर निसटते. किंचित ओली केली की तिचा लाडू वळता येतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. आणखी पाणी ओतलं की लाडू बसतो आणि वाहायला लागतो. उताराच्या मातीचंही हेच. एरवी ती किंचित ओली असते, म्हणून तीस-चाळीस अंशांच्या चढावरही टिकून राहते. पाऊस मुरत गेला की कणांमधल्या पोकळ्या भरतात. खाली कठीण खडक असेल तर पाणी तिथे अडतं, साचतं आणि आतून वर दाब द्यायला लागतं. मातीचं वजन तेवढंच असतं, उलट पाण्यानं वाढलेलं असतं, पण तिची खडकावरची पकड त्या दाबामुळे सुटत जाते. पकड वजनाला पुरेनाशी झाली की थर सुटतो. बाहेरून बघणाऱ्याला तो उतार शेवटच्या क्षणापर्यंत आदल्या दिवशीसारखाच दिसत असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. आत्ता किती जोरात पाऊस पडतोय एवढ्यावरून काहीच कळत नाही, आधीच्या दोन-चार दिवसांत किती मुरलंय तेही धरावं लागतं. आणि पाऊस थांबला म्हणून मातीतलं पाणी लगेच ओसरत नाही.

जपानचं हवामान खातं हे पाणी मोजायला एक साधी कल्पना वापरतं. एकाखाली एक ठेवलेल्या तीन बादल्या, प्रत्येकीला बाजूला आणि तळाला भोकं. वरच्या बादलीत पाऊस पडतो. तिच्या बाजूच्या भोकातून जाणारं पाणी म्हणजे उतारावरून वाहून जाणारं, तळातून जाणारं म्हणजे मुरणारं. ते दुसऱ्या बादलीत, तिथून तिसऱ्या. तिन्ही बादल्यांत मिळून किती पाणी उरलंय, त्यावरून त्या भागातल्या मातीचा एक आकडा काढतात. वरची बादली भराभर भरते आणि भराभर रिकामी होते, खालच्या दोन मात्र बराच वेळ भरलेल्या राहतात. पाऊस थांबून ऊन पडल्यावर दरड का कोसळते, याचं उत्तर त्या खालच्या बादल्यांत आहे.

आणखी एक. धोक्याचा आकडा सगळीकडे सारखा नसतो. जिथे दरवर्षी मुसळधार पडतो तिथली सैल माती पूर्वीच वाहून गेलेली असते, उतार त्या पावसाला सरावलेला असतो. जिथे एवढा पाऊस कधी होत नाही तिथे त्याच्या निम्म्यातही उतार सुटू शकतो. म्हणून “आमच्याकडे याहून जास्त पडतो” हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. मी ते कितीदा म्हटलं असेन!

२. टायफूनचा पाऊस वेगळा का

आपला मान्सून महिनोन्महिने चालतो. टायफून समुद्रावरची वाफ गोळा करून आणतो आणि एक-दोन दिवसांत डोंगरावर रिकामी करतो. दमट वारा डोंगराला अडला की वर चढतो, थंड होतो आणि तिथेच कोसळतो. सह्याद्रीत कोकणाच्या बाजूला जे घडतं तेच, फक्त इथे वाऱ्याचा जोर कितीतरी पट जास्त असतो. १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबिस टायफूनमध्ये हाकोनेला एका दिवसात ९२२.५ मिमी पाऊस झाला, जपानमधल्या एका दिवसाच्या पावसाचा तो विक्रम. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा ९४४ होता, त्यावरून अंदाज येईल. आमच्या योकोहामात वर्षभराची सरासरी १,७०० मिमीच्या आसपास आहे, आणि हाकोने आमच्याच कानागावा प्रांतात.

टायफूनचा वेग बघायला विसरू नका. बातम्यांत सगळे वाऱ्याच्या वेगाबद्दल बोलतात, पण दरडींसाठी ढग किती वेगानं पुढे सरकतायत हे महत्त्वाचं. सप्टेंबर २०११ चा तालास टायफून वाऱ्याच्या मानानं फार भयंकर नव्हता, पण सायकलच्या गतीनं सरकत होता. ‘की’ नावाच्या द्वीपकल्पात कामिकितायामा गावाला काही दिवसांत १,८०० मिमीहून जास्त पाऊस झाला. तिथे नुसती वरची माती सुटली नाही, खोलवरच्या खडकासकट डोंगरांचे भाग खाली आले आणि नद्या अडून मागे तळी साचली. तैवानमध्ये ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोत टायफूनच्या पावसानं शियाओलिन गाव डोंगराखाली गेलं, तेही अशाच रेंगाळलेल्या पावसामुळे.

आणि टायफून दूर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जपानवर पावसाचा पट्टा आडवा पडलेला असतो. समुद्रात शेकडो किलोमीटर लांब असलेला टायफून या पट्ट्याला दमट हवा पुरवत राहतो. मग टायफून पोचण्याआधीच दोन दिवस उतार भिजून तयार असतात.

३. तीन प्रकार, तीन नावं

मराठीत आपण सगळ्याला दरडच म्हणतो. इथल्या सूचनांत तीन वेगळे शब्द येतात, ते कानाला ओळखीचे करून घ्या.

गाके-कुझुरे म्हणजे कडा कोसळणं. घरामागचा तीव्र उतार एकदम खाली येतो. काही सेकंदांचा खेळ, पळायला वेळ मिळत नाही. योकोहामा, कामाकुरा, झुशी या भागात भीती मुख्यतः याची. ऑक्टोबर २०१४ च्या टायफूनमध्ये योकोहामातच कडे कोसळून माणसं दगावली.

दोसेकिऱ्यू म्हणजे घळीतून येणारा दगड-चिखल-झाडांचा लोंढा. ताशी २० ते ४० किलोमीटर वेगानं येतो, म्हणजे माणसाच्या धावण्याच्या पुढेच. याची फसवी गोष्ट अशी की उगम घरापासून खूप वर असतो, घराजवळची जमीन जवळजवळ सपाट दिसते. पण ती सपाटी आली कुठून? पूर्वीच्या लोंढ्यांनीच आणून टाकलेली ती माती आहे. इझू-ओशिमा बेटावर १६ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे हेच झालं. २४ तासांत ८२४ मिमी पाऊस, लाव्हाच्या कठीण थरावर बसलेली ज्वालामुखीची राख सुटली आणि लोंढा मोतोमाची वस्तीत शिरला. ३६ माणसं गेली, ३ कधीच सापडली नाहीत. गाव झोपेत होतं आणि घरं सोडण्याचा आदेश निघालेला नव्हता.

जिसुबेरी म्हणजे डोंगराचा मोठा भाग हळूहळू खचणं. कधी दिवसाला काही मिलिमीटर. रस्त्याला भेगा पडतात, दारं अडकतात. सावध व्हायला वेळ मिळतो, पण हानी मोठ्या क्षेत्रावर होते.

४. घर ठरवण्याआधी नकाशा उघडा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

हिरोशिमात जून १९९९ मध्ये दरडींनी अनेक बळी घेतले. त्यानंतर जपाननं खास कायदा केला, तो एप्रिल २००१ पासून लागू आहे. त्या कायद्याखाली देशभर दरडप्रवण पट्टे आखले गेले, आज त्यांची संख्या सात लाखांच्या घरात आहे. नकाशावर ते दोन रंगांत दिसतात :

पिवळा : ‘दोशा साइगाइ केइकाइ कुइकी’. दरड आली तर जिवाला धोका.
लाल : ‘तोकुबेत्सु केइकाइ कुइकी’. घरच मोडून पडेल इतका धोका. इथे बांधकामावर निर्बंध असतात.

कड्याच्या बाबतीत मोजमाप सोपं आहे. उतार ३० अंश किंवा जास्त आणि उंची ५ मीटर किंवा जास्त असेल, तर कड्याच्या पायथ्यापासून उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत (जास्तीत जास्त ५० मीटर) आणि माथ्यापासून मागे १० मीटरपर्यंत पिवळा पट्टा धरतात. म्हणजे १५ मीटर उंच कड्याखाली तीस मीटरपर्यंतची घरं आली. कड्याच्या वरचं घर सुरक्षित असा समज असेल तर तोही काढून टाका.

सरकारचा ‘कासानेरु हझार्ड मॅप’ फुकट आहे. पत्ता टाका, ‘दोशा साइगाइ’ चा थर चालू करा. पूर, समुद्राची भरती, दरड हे सगळे थर एकमेकांवर ठेवून बघता येतात. जपानी वाचता येत नसेल तरी रंग बोलतात. शिवाय नगरपालिकेच्या कचेरीत छापील नकाशा मिळतो, बऱ्याच शहरांत इंग्रजीतही. मागून घ्या आणि फ्रीजवर लावा.

आता सापळा. भाडेकरार करताना घर दाखवणाऱ्या मध्यस्थानं तुम्हाला ‘जूयो जिको सेत्सुमेइ’ म्हणजे महत्त्वाच्या बाबींचं निवेदन वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि घर दरडीच्या पट्ट्यात आहे का हे त्यात सांगावंच लागतं. मलाही वाचून दाखवलं होतं. पंचवीस मिनिटं, एका सुरात, आणि मी दर ओळीला ‘हाय, हाय’ (म्हणजे हो, हो) म्हणत मान डोलावली. शिक्कामोर्तब झाल्यावर दीड वर्षानं तो कागद भाषांतर करून वाचला, तेव्हा त्यात आमचं घर पिवळ्या पट्ट्यात असल्याचं स्पष्ट लिहिलेलं सापडलं. तुम्ही असं करू नका. तो कागद दोन दिवस आधी मागा, फोनवर भाषांतर करा, आणि बैठकीत थेट विचारा : “दोशा साइगाइ केइकाइ कुइकी देसु का?” उत्तर ‘हो’ आलं म्हणून घर सोडलंच पाहिजे असं नाही. पिवळ्या पट्ट्यात लाखो माणसं राहतात. पण मग पुढच्या सगळ्या पायऱ्या तुमच्यासाठी सक्तीच्या झाल्या. लाल पट्टा असेल तर माझं मत सरळ आहे : दुसरं घर बघा.

नकाशात रंग नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नका. आतामीच्या इझुसानमध्ये ३ जुलै २०२१ ला जो लोंढा आला, त्यात मोठा भाग होता ओढ्याच्या वरच्या अंगाला माणसांनी आणून टाकलेल्या भरावाचा. टायफून नव्हता, तीन दिवसांची संततधार होती. वर डोंगरात कुणी माती टाकतंय का, हे तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारलेलं बरं.

५. घराभोवती एक फेरी मारा

कोरड्या दिवशी एकदा, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी एकदा. सोबत फोन ठेवा आणि दरवेळी त्याच जागेवरून फोटो काढा. फरक डोळ्यांना कळत नाही, फोटोत कळतो.

काय बघायचं : आधाराच्या भिंतीतली पाणी जायची भोकं उघडी आहेत का, की गवत-मातीनं बुजलीत? बुजलेल्या भोकांची भिंत म्हणजे मागे पाणी तुंबवणारं धरण. भिंतीला पोट आलंय का? आपल्याकडे गडग्याला पोट आलं की म्हातारी माणसं त्याच्याजवळ पोरांना खेळू देत नाहीत, तीच नजर इथे लावा. भेगा नव्या आहेत की जुन्या? (नव्या भेगेच्या कडा स्वच्छ आणि टोकदार असतात, शेवाळ नसतं.) उतारावरची झाडं बुंध्यापाशी वाकून मग सरळ वाढलीत का? तसं असेल तर जमीन हळूहळू सरकत आलेली असू शकते. एरवी कोरड्या असणाऱ्या जागी पाझर सुटलाय का?

यातलं काही दिसलं तर घरमालकाला लेखी कळवा आणि नगरपालिकेलाही. पाऊस नसतानाही कडे पडतात. झुशीमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये कोरड्या दिवशी कडा कोसळून खालून चालत जाणारी शाळकरी मुलगी गेली.

ज्या भागात मोठा भूकंप होऊन गेलाय तिथे आणखी सावध. नोतो द्वीपकल्पात १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानं खिळखिळे झालेले डोंगर त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सुटले. भूकंपानंतर हवामान खातं इशाऱ्याची मर्यादा खाली आणतं ते यासाठीच.

६. आकडे लक्षात ठेवा, नावं नकोत

जपानमध्ये इशाऱ्यांची नावं बरीच आहेत आणि ती बदलतातही. २०१९ पासून मात्र १ ते ५ अशा पातळ्या आहेत. तुम्ही आकडाच ऐका.

पातळी १ आणि २ : लक्ष ठेवा, नकाशा पुन्हा बघा, आठव्या पायरीतली पिशवी दाराशी आणा.

पातळी ३ : वृद्ध, आजारी, लहान मुलं, गरोदर बाया आणि ज्यांना हलायला वेळ लागतो त्यांनी निघायचं. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर पातळी ३ ही तुमची पातळी आहे. बाबांचा गुडघा आणि पाच महिन्यांचं बाळ घेऊन भर पावसात उतारावरच्या पायऱ्या उतरायला किती वेळ लागतो, ते एकदा कोरड्या दिवशी घड्याळ लावून बघा.

पातळी ४ : धोक्याच्या पट्ट्यातल्या सगळ्यांनी निघायचं. याला ‘हिनान शिजी’ म्हणतात. पूर्वी यात सल्ला आणि आदेश असे दोन प्रकार होते आणि लोक सल्ल्याला बसून राहायचे, म्हणून मे २०२१ मध्ये सल्ला रद्द करून आदेश तेवढा ठेवला.

पातळी ५ : आपत्ती आलेली आहे किंवा येऊन ठेपली आहे. ही निघायची सूचना नाही. निघायची वेळ टळून गेलेली असते. शिवाय ५ ची घोषणा होईलच याची खात्री नसते. सगळ्यात मोठी गफलत हीच, पाचपर्यंतचे आकडे आहेत म्हणून माणसं पाचची वाट बघत बसतात.

फोनवर हवामान खात्याचं ‘किकिकुरु’ पान साठवून ठेवा. एक-एक किलोमीटरच्या चौकोनात दरडीची जोखीम दर दहा मिनिटांनी रंगात दिसते : पिवळा २, लाल ३, जांभळा ४, काळा ५. पहिल्या पायरीतल्या तीन बादल्या इथेच कामाला येतात, पुढच्या दोन तासांचा अंदाज धरून हे रंग लावलेले असतात. पण लक्षात घ्या, या नकाशातले पिवळा आणि लाल वेगळे आणि चौथ्या पायरीतल्या पट्ट्यांचे पिवळा-लाल वेगळे. पट्ट्यांचा रंग कायमचा, किकिकुरुचा रंग त्या घडीचा. नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. तुमचं घर पट्ट्यात आहे आणि किकिकुरुवर चौकोन जांभळा झालाय, म्हणजे तुम्ही आत्तापर्यंत बाहेर असायला हवं होतं.

जपानी येत नसेल तर ‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप आणि ‘एनएचके वर्ल्ड’ यांवर इंग्रजीत सूचना येतात. फोन रात्री ‘सायलेंट’वर टाकलेला असला तरी आणीबाणीचे इशारे वाजू द्या, ती सेटिंग बंद करू नका.

७. जायचं कुठे

नगरपालिकेनं ठरवलेली आसऱ्याची प्रत्येक जागा प्रत्येक संकटाला चालत नाही. भूकंपासाठी योग्य असलेली शाळा दरडीच्या पट्ट्यात असू शकते. जागेच्या फलकावर चित्रं असतात, त्यात दरड आणि लोंढा यांच्या चित्रांखाली गोल खूण आहे का ते बघा. जायचा रस्ताही बघा : ओढा ओलांडावा लागतो का, दुसऱ्या कड्याखालून जावं लागतं का? आमच्या आसऱ्याच्या शाळेत जायला जवळची वाट कड्याखालूनच होती. सात मिनिटं जास्त लागणारी वरची वाट आम्ही पक्की केली.

मित्राकडे किंवा हॉटेलात गेलात तरी चालतं. मात्र आपली बरीच मंडळी एदोगावात, निशिकासाईत राहतात. तो भाग सखल, मोठ्या नद्यांच्या तोंडाशी आहे. एदोगावा वॉर्डानं २०१९ मध्ये वाटलेल्या पूर-नकाशावर चक्क “इथे राहून चालणार नाही” असं छापलं होतं. दरडीतून उठून पुरात जाऊ नका. ज्याच्याकडे जाताय त्याच्या घराचाही नकाशा बघा.

आणि गाड्या. मोठ्या टायफूनच्या आधी रेल्वे कंपन्या ‘केइकाकु उनक्यू’ म्हणजे ठरवून वाहतूक बंद करतात, आदल्या दिवशी जाहीर करून. लांब जायचं असेल तर त्या जाहीर वेळेच्या आत.

८. पिशवीत काय

कागद : पासपोर्ट, झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), माय नंबर कार्ड (इथलं आधार कार्डासारखं), बँकेचं पासबुक, औषधांची नोंदवही, भाडेकरार आणि विम्याच्या कागदाची प्रत, सगळं झिपच्या पिशवीत. प्रत्येकाचा फोटो फोनवर आणि घरच्या एका माणसाकडे भारतात.

बाकी : विजेरी, चार्जर, रोख (सुटे येन), नेहमीची औषधं, पाणी, पावसाळी कोट, जाड तळव्याचे लेस बांधायचे बूट. गमबूट नकोत, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही. शाळेच्या हॉलमध्ये जमीन थंड आणि कडक असते, म्हणून पांघरूण, सतरंजी आणि घालायच्या सपाता.

शाकाहारी असाल तर स्वतःचं खाणं नेलेलं बरं. तिथे मिळणाऱ्या ओनिगिरीत (भाताच्या मुटक्यांत) बहुतेकदा मासे असतात आणि त्या घाईत कुणाला घटक विचारत बसणं बरं नाही. दडपे पोह्यांचं कोरडं साहित्य, चिवडा, दशम्या, गुळपापडी. दुकानात ‘अल्फा-माई’ नावाचा कोरडा शिजवलेला भात मिळतो, गार पाणी ओतून तासाभरात होतो. मेतकूट सोबत असलं की मूलही खातं.

९. ते दोन दिवस : आमचं वेळापत्रक

हागिबिसच्या वेळचं जसं झालं तसं सांगतो, कारण नुसत्या यादीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. हवामान खात्यानं पत्रकार परिषदेत या टायफूनची तुलना १९५८ च्या कानोगावा टायफूनशी केली. मला त्या नावातून काही कळलं नाही. संध्याकाळी शेजारच्या आजी कुंड्या आत घेत होत्या, त्यांना विचारलं. त्या तेव्हा शाळेत होत्या. योकोहामात तेव्हा किती कडे कोसळले आणि त्यांच्या वर्गातली कोण मुलगी परत शाळेत आली नाही, हे त्यांनी कुंडी हातात धरूनच सांगितलं. “उद्या दुपारी जेवून मी शाळेत जाणार. तुम्हीही या,” म्हणाल्या. मी त्या रात्री तो भाडेकराराचा कागद पहिल्यांदा भाषांतर करून वाचला.

१२ तारीख, शनिवार. सकाळी पाऊस, पण आपल्या आषाढापेक्षा जास्त काही नाही. मन म्हणत होतं थांबू या. अकरा वाजता जेवलो, गॅस बंद केला, मुख्य स्विच खाली पाडला, भारतात फोन करून कुठे जातोय ते सांगितलं आणि आजींना घेऊन वरच्या वाटेनं निघालो. साडेतीनला कानागावासह सात प्रांतांसाठी पातळी ५ चा विशेष इशारा लागला. तेव्हा आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर होतो. सातच्या सुमारास टायफून इझूच्या किनाऱ्याला लागला. त्या वेळी बाहेर पाऊल टाकायची कुणाची छाती झाली नसती. दुपारी घरी “बघू या” म्हणत बसलो असतो तर अंधार, वारा आणि बंद पडलेले दिवे यांत लेकराला घेऊन त्या पायऱ्या उतरणं आमच्याच्यानं झालं नसतं.

रात्री पाऊस थांबला. आकाश मोकळं झालं. काही लोक गादी गुंडाळून घरी निघाले आणि आम्हीही उठलो होतो. आजींनी माझी बाही धरली, म्हणाल्या, “डोंगर अजून पितोय.” सकाळपर्यंत थांबलो. परतलो तेव्हा मागच्या भिंतीवर तीन-चार घमेली माती आणि मुळासकट एक झुडूप येऊन पडलं होतं, मुलाच्या खोलीच्या खिडकीखाली. रात्री नेमकं कधी पडलं, कुणाला माहीत नाही.

तेव्हापासून आमचा नियम ठरलाय. टायफूनच्या अंदाजात आमचा भाग आला की निघायची वेळ आदल्या रात्रीच कागदावर लिहायची, आणि ती दिवसाउजेडीची असली पाहिजे. त्या वेळी बाहेर पाऊस कसा पडतोय यावर चर्चा करायची नाही.

१०. निघायला उशीर झालाच तर

ही शेवटची सोय आहे, पर्याय म्हणून धरू नका. बाहेर जाणं जास्त धोक्याचं झालं असेल तर घराच्या वरच्या मजल्यावर, कड्यापासून सर्वात लांबच्या खोलीत जा. जवळ सिमेंटची भक्कम इमारत असेल तर तिच्या वरच्या मजल्यावर. लोंढा येताना दिसला किंवा ऐकू आला तर त्याच्या पुढे उताराच्या दिशेनं पळू नका, आडवे पळा, घळीपासून बाजूला आणि वर.

पुढची लक्षणं दिसली तर सूचनेची वाट बघू नका : डोंगरातून घुमल्यासारखा आवाज, ओल्या मातीचा किंवा मोडलेल्या लाकडाचा उग्र वास, कड्यावरून खडे सुटणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, वाढणं किंवा बंद पडणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकाएकी कमी होणं. वर कुठेतरी दरडीनं ओढा अडवलाय, आणि तो बांध फुटणार आहे. ही लक्षणं दरवेळी दिसतातच असं नाही. हिरोशिमात २० ऑगस्ट २०१४ ला मध्यरात्रीनंतर तीन तासांत २०० मिमीहून जास्त पाऊस झाला. अंधारात, त्या आवाजात, कुणाला काय दिसणार होतं?

माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तळीयेच्या बातमीनंतर मी मामाला फोन करून हीच लक्षणं एकेक करून सांगितली. गावाकडे डोंगराखाली घर असेल तर तुम्हीही सांगा. किकिकुरुसारखी सोय तिथे हाताशी नसेल, पण ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं तर घर सोडायचं, हे कळायला फोन लागत नाही.

११. परत आल्यावर

पातळी उतरल्याची सूचना येईपर्यंत परतू नका, आणि परतताना दिवस असू द्या. घरात शिरण्याआधी मागचा कडा बघा.

नुकसान झालं असेल तर साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढा : घर चारही बाजूंनी, माती कुठवर आली ती खूण टेप लावून, आतल्या प्रत्येक खोलीचा. नगरपालिकेत ‘रिसाइ शोमेइशो’ म्हणजे नुकसानीचा दाखला मिळतो, भाडेकरूही अर्ज करू शकतो. मदत, सवलती, पुष्कळदा या दाखल्यावरच अवलंबून असतात.

विम्याचं एक लक्षात ठेवा. भाड्याच्या घरासोबत जो आगीचा विमा काढायला लावतात, त्यात ‘सुइसाइ’ म्हणजे पाण्याच्या आपत्तीचं कलम असेल तरच पावसानं कोसळलेल्या दरडीचं नुकसान त्यात बसतं. स्वस्त पॉलिसीत हे कलम बरेचदा वगळलेलं असतं. भूकंपानं कोसळलेली दरड यात येत नाही, त्याला भूकंपविमा वेगळा. नूतनीकरणाचं पत्र दर दोन वर्षांनी येतं, त्या पत्रात ‘सुइसाइ’ शोधा, सापडलं नाही तर कंपनीला फोन करून ते कलम जोडून घ्या. आमचं जोडलेलं नव्हतं, २०१९ च्या नोव्हेंबरात जोडलं.